अवलंबून असल्याचा पुरावा

माझ्या टेबलासमोर बसून अनोळखी माणसांनी मला आपली प्रेमपत्रं वाचायला दिली आहेत. लग्नाचे अल्बम, हनिमूनच्या हॉटेलची बिलं, एकमेकांना पाठवलेले रुसव्याफुगव्याचे मेसेज, सगळं. नवराबायकोचं नातं खरं आहे हे सरकारला पटवायचं असतं, आणि ते पटेल अशा रीतीनं लावून देणं हा माझा धंदा होता. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर एका साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर सॉलिसिटरचं ऑफिस होतं, तिथं मी इमिग्रेशनची कामं बघत असे. खाली शालू आणि वर व्हिसा, असं आमचे हे म्हणायचे. हे इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. त्यांच्यामागोमाग मी पुण्याहून आले, रीतसर ब्रिटिश नागरिक झाले, आणि पुण्यातली वकिलीची पदवी वाया जाऊ नये म्हणून या कामात शिरले.

निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, समाधान मिळालं का? किती जणांची घरं तुम्ही जोडलीत! मी मान डोलावते. खरं सांगायचं तर त्या कामानं माझ्या तोंडाला एक कडवट चव आणली ती अजून गेलेली नाही. ती का, हे सांगायचं तर थोडं कायद्याचं बोलावं लागेल. घाबरू नका, फार नाही.

दोन हजारच्या दशकात ब्रिटनमध्ये दोन कायदे शेजारीशेजारी नांदत होते. एक ब्रिटनचा स्वतःचा, दुसरा युरोपियन युनियनचा. युनियनच्या कुठल्याही देशाचा नागरिक आपला देश सोडून युनियनमधल्याच दुसऱ्या देशात कामाला गेला, की त्याचं कुटुंब त्याच्याबरोबर राहू शकत असे. बायको, मुलं, इतकंच नाही तर त्याच्यावर किंवा त्याच्या बायकोवर अवलंबून असलेले आईवडीलसुद्धा. हे कुटुंबीय भारतातले असोत नाहीतर पेरूतले. व्हिसाची फी नाही, इंग्रजीची परीक्षा नाही. कुटुंब मागं ठेवावं लागलं तर माणूस हलणार नाही, आणि माणसं तर हलायला हवीत, असा त्यामागचा विचार. म्हणायला हा नागरिकाचा हक्क, पण खरा तो हलणाऱ्याचा हक्क होता. जो आपल्याच देशात बसून राहिला त्याला त्यातलं काही मिळत नसे.

त्यामुळे लेस्टरमध्ये काम करणारा पोलिश सुतार आपल्या ब्राझिलियन बायकोच्या आईला आणू शकत होता आणि मी, ब्रिटनची नागरिक, माझ्या आईला आणू शकत नव्हते. मला लागू ब्रिटनचा कायदा. त्यात विधवा आई पासष्टच्या पुढची हवी, ती तुमच्याच पैशावर जगणारी हवी, आणि तिकडे तिला बघणारं जवळचं कोणी नको. माझ्या आईला पुण्यात माझा भाऊ होता. भाऊ असणं हा माझा गुन्हा. दिवसभर दुसऱ्यांच्या आया आणायच्या आणि संध्याकाळी आपल्या आईशी फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, असं मी वर्षानुवर्षं केलं. त्याचा मला राग होता, आणि तो मी लपवत नसे.

यातून कसरती निघायच्या. लंडनकडच्या हॅरोचा एक मराठी मुलगा, जन्मानं ब्रिटिश, फार्मसीत नोकरीला. नाशिकच्या मुलीशी लग्न केलं आणि तिचा व्हिसा नाकारला गेला. मी त्याला म्हटलं, तू काही महिने आयर्लंडमध्ये, डब्लिनला जा, तिथं नोकरी कर, बायकोला तिथं बोलाव. मग दोघं परत या. तू एकदा हललास की परतताना युनियनचा कायदा तुझ्याबरोबर येतो.  तो म्हणाला, "So मी माझा country सोडलं, की मला माझा country मध्ये rights मिळणार? That's mental." मी म्हटलं, मेंटल आहे खरं, पण कायदेशीर आहे. तो गेला, डब्लिनला मोबाइलच्या दुकानात उभा राहिला, आणि बायकोला घेऊन परत आला. त्याच्या आईनं मला पेढे पाठवले. पेढे खाताना माझ्या मनात हेच, की बाई, तुमची सून आली, पण माझी आई काही कुठल्या डब्लिनच्या वाटेनं यायची नाही. आमच्या ह्यांना हॉस्पिटल सोडून हलायचं नव्हतं, आणि ह्यांना सोडून मला.

सगळ्यात गमतीची माणसं आमच्या गोव्याची आणि दमणची. एकसष्ट साली तिथलं पोर्तुगीज राज्य गेलं, पण त्याआधी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना पोर्तुगालनं आपलं नागरिकत्व देऊ केलं होतं. ज्यांनी कागदपत्रं जुळवली ते घरबसल्या युरोपियन झाले. त्यातले बहुतेक पोर्तुगालला गेलेच नाहीत. पासपोर्ट हातात पडला की थेट लेस्टर. पोर्तुगीजचा एक शब्द येत नाही, लिस्बन नकाशात दाखवता येत नाही, आणि हक्क मात्र माझ्यापेक्षा जास्त. दत्ताराम परब त्यातलाच. पेडण्याकडचा, सज्जन, अबोल माणूस. सँडविच बनवण्याच्या कारखान्यात पॅकिंगला होता. त्याची बायको सुषमा सावंतवाडीजवळच्या खेड्यातली. तीही त्याच कारखान्यात, दुसऱ्या शिफ्टला. त्यांना एक लहान मुलगी, सई. एक घरी आला की दुसरा बाहेर पडायचा, आणि मधल्या वेळात सई शेजारणीकडे.

सुषमाला आपल्या आईला आणायचं होतं. आई एकटी. नवरा काजूच्या कारखान्यात कामाला असायचा, तो वारलेला, मुलगा नाही, घराचं छप्पर गळतंय आणि शेजारी जमिनीवरून भांडतायत. दोन वर्षं सुषमा दरमहा पैसे पाठवत होती आणि आई त्यावरच जगत होती. मी आनंदले. याहून सोपी केस माझ्या टेबलावर क्वचितच येत असे. जावई युरोपियन नागरिक, सासू अवलंबून, पैसे पाठवल्याच्या पावत्या तयार. मुंबईच्या व्हिसा ऑफिसातून प्रवेशाचा परवाना घ्यायचा, इथं आल्यावर रेसिडेन्स कार्डाचा अर्ज करायचा, की पाच वर्षं निश्चिंत.

एकच शंका मला होती, आणि ती कायद्याच्या कुठल्या पुस्तकात सापडली नसती. लग्न झालेल्या लेकीच्या घरी आईबापांनी हात पसरायचा नाही, हे आपल्याकडे किती खोल गेलेलं असतं ते मला ठाऊक होतं. माझ्या लहानपणी माझे आजोबा माझ्या आत्याच्या घरी जायचे तर स्वतःच्या पाण्याचा तांब्या बरोबर न्यायचे. नातवंडं झाली की तेवढी मोकळीक, ती पण पाहुण्यासारखी. म्हणून मी मुलाखतीच्या आधी सुषमाच्या आईला, कुसुममावशींना, मुद्दाम फोन केला. म्हटलं, मावशी, तिथं विचारतील तुमचा खर्च कोण चालवतं. खरं ते सांगा. लेक चालवते म्हणून सांगा.

  त्यांनी सांगितलं, की गावात त्या सगळ्यांना नवऱ्याची पेन्शन येते म्हणून सांगतात. काजूच्या कारखान्यात कसली आलीय पेन्शन! पण गावानं तेवढं मानून घेतलं होतं. मग त्यांनी विचारलं, "थंय आमच्या गावचा कोण नसतला ना?" मी म्हटलं, नाही हो, तिथं गोरा साहेब आणि एक दुभाषा. "मग सांगतंय," त्या म्हणाल्या.

त्यांनी सांगितलं. परवाना मिळाला. हिवाळ्याच्या तोंडावर दत्ताराम त्यांना विमानतळावरून घेऊन आला, आणि दोन दिवसांनी सुषमा त्यांना घेऊन माझ्या ऑफिसात आली. ठेंगणी, ताठ, नऊवारीवर जावयाचा जाड कोट घातलेली बाई. माझ्यासाठी कोकमाची बाटली आणली होती. मी रेसिडेन्स कार्डाचा अर्ज भरला, त्यांनी सही केली, आणि मी हे प्रकरण डोक्यातून काढून टाकलं.

कार्ड यायला महिने लागायचे. तेवढ्या काळात कुसुममावशींनी एक काम केलं, जे आमच्याकडच्या दुसऱ्या कुठल्याही जातीजमातीच्या अशिलानं केलं असतं असं मला वाटत नाही. बेलग्रेव्ह रोडवरच्या एका फरसाणवाल्याकडे त्या स्वयंपाकघरात चपात्या आणि थेपले लाटायला जाऊ लागल्या. सकाळी सईला नर्सरीत सोडायचं, तिथून दुकानात, आणि सई सुटायच्या वेळेला परत. दुकानदार सरळ माणूस, त्यानं रोखीचा व्यवहार केला नाही. रीतसर नाव घातलं, पगार बँकेत. पगार झाला की मावशी घरात तांदूळ, तेल, मासे घेऊन यायच्या. सुषमानं बराच वाद घातला, मग तिनं सोडून दिलं. तिला बिचारीला यात कायद्याचं काही असेल असं वाटलंच नाही, आणि काम करणं बेकायदा नव्हतंच. युनियनचा कायदा कुटुंबीयांना कामाचा हक्क देत होता. अवलंबून असण्याची अटही तोच घालत होता. एका हातानं लाटणं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं लाटलंस का म्हणून विचारायचं, असा प्रकार.

मग इमिग्रेशन खात्याकडून पत्र आलं: अर्जदार अजूनही लेकीवर अवलंबून असल्याचा ताजा पुरावा पाठवा. दत्तारामनं साधेपणानं सासूबाईंची बँकेची कागदपत्रं थेट पाठवून दिली. मला विचारलं नाही. काही आठवड्यांनी उत्तर आलं. अर्जदार स्वतः कमावते, सबब ती अवलंबून नाही, सबब कार्ड नाकारण्यात येत आहे.

सुषमा ते पत्र घेऊन जिना चढून आली तेव्हा तिला धाप लागली होती. मी वाचलं आणि चिडले, पण हबकले नाही, कारण यावर उपाय होता आणि तो फार सोपा होता. युरोपच्या कोर्टानं पूर्वीच सांगून ठेवलं होतं, की माणूस अवलंबून का आहे हे विचारायचं नाही. त्याला काम करता येत असूनही तो करत नसेल, तरी चालेल. लेक पोसतेय ना, मग झालं. म्हणजे मावशींनी नोकरी सोडायची, आम्ही नव्यानं अर्ज करायचा, आणि कार्ड हातात. कायदा हात जोडून सांगत होता, की बाई, तू नुसती बसून खा.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. दत्ताराम सईला घेऊन बागेत गेला होता. आम्ही तिघी स्वयंपाकघरात. सुषमानं चहा टाकला. मी मावशींना सगळं समजावून सांगितलं, सावकाश, दोनदा. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "चेडवाच्या घरात बसान खावक माका जमाचा नाय."

सुषमा म्हणाली, अगं आई, लेकीच्या घरी बसून कुठं खातेस? सईला तू सांभाळतेस, ते काम नाही का? शेजारणीला आम्ही पैसे देत होतो. मावशी म्हणाल्या, नातीचे पैसे घेतात काय? सुषमा म्हणाली, मग गावात दोन वर्षं माझ्याच पैशावर होतीस ना? ते बोलायला नको होतं. मावशींनी अर्धा चहा तसाच ठेवून कप बाजूला सारला. गावात त्यांचा नाइलाज होता आणि तो चार भिंतींत होता. इथं रोज ताटावर बसून तो गिळायचा, आणि वर सरकारी शिक्क्यानं जाहीर करायचा. हे त्या बोलल्या नाहीत, पण मला कळलं. मी त्याच पाण्यातली आहे.

कळलं, तरी मी माघार घेतली नाही. मी म्हटलं, "मावशी, ते फक्त कागदावर असतं हो. तुम्ही कुणावर अवलंबून नाही. तुम्ही लेकीकडे नुसत्या राहताय."

"मग तसाच लिवा ना थंय," त्या म्हणाल्या.

 तसं लिहिलं असतं तर अर्ज कचऱ्यात गेला असता. आणि मग मला राग आला. या बाईवर, त्या खात्यावर, डब्लिनहून आलेल्या त्या हॅरोच्या पोरावर, सगळ्यांवर मिळून. मी जे अशिलापुढं कधी बोलले नव्हते ते बोलले. मी म्हटलं, मावशी, मी या देशाची नागरिक आहे. माझे यजमान इथं लोकांचे जीव वाचवतात. आणि तरी मला माझ्या आईला इथं आणता येत नाही. तुम्हाला कायदा दार उघडून बोलावतोय आणि तुम्ही चपात्यांपायी ते लावून घेताय. माझ्या आईला हे मिळालं असतं तर!

मावशींनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. आवाज चढवला नाही. त्यांनी विचारलं, "तुझी आवस इली असती काय गो?"

सुषमा म्हणाली, आई, काय विचारतेस! आणि चहाचे कप उचलून सिंककडे गेली. मी पर्स उचलली. अपिलाची मुदत सांगितली, विचार करा म्हटलं आणि निघाले.

मावशींनी अपील केलं नाही. उन्हाळ्यात त्या परत गेल्या. कुणी त्यांना घालवलं नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण अशा गोष्टींत पोलिसांची गाडी आली असं लोक मनानंच धरतात. त्या स्वतःच्या पगारातून तिकीट काढून गेल्या. गावात त्यांनी इथली थंडी सोसली नाही म्हणून सांगितलं, असं सुषमाकडून कळलं. सई पुन्हा शेजारणीकडे जायला लागली. ती शेजारीण पुढं घर बदलून गेली, मग सुषमानं रात्रपाळी घेतली. नवराबायको उंबऱ्यातच भेटायची, एकानं मूल दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि बाहेर पडायचं. ज्या कायद्यानं कुटुंब एकत्र राहावं म्हणून एवढा घाट घातला होता, त्यातून या घराला एवढंच मिळालं. माझ्या सगळ्या केसेसमध्ये ही सगळ्यात सोपी, आणि हीच मी गमावली. तो खात्याचा अधिकारी कायद्यानं चुकलाय असं मी आजही म्हणत नाही. त्याला पुढ्यात आकडे दिसले, बाई दिसली नाही.

पण मावशींचा तो प्रश्न, तुझी आई आली असती का, काही माझा पिच्छा सोडेना. इतकी वर्षं मी कायद्याला शिव्या घातल्या, खासदाराला पत्रं लिहिली, जेवणावळीत लोकांना पकडून ऐकवलं. आईला आणायचं, आणायचं. तिला यायचंय का, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. एका शनिवारी फोनवर विचारलं. म्हटलं, आई, समज उद्या परवानगी मिळाली, तर येशील माझ्याकडे राहायला? कायमची?

आई हसली. म्हणाली, "सरकार नाही म्हणतंय ना गं? बरंय मग. मला म्हणावं लागत नाही."

मग तिनं विषय बदलला आणि भावाच्या मुलाच्या दहावीचं सांगत बसली. पुढच्या वर्षी ती गेली. भावाच्या घरी, ज्याला ती स्वतःचा म्हणायची त्या पलंगावर. मी तेराव्यापर्यंत पोचले आणि परत आल्यावर कामाला लागले. खात्यावरचा राग मात्र पहिल्यासारखा जमेना. त्याच्याशिवाय ते काम फारच रुक्ष होतं.

आता ते दोन कायदे शेजारी नांदत नाहीत. ब्रिटननं युनियन सोडली, नव्या दत्तारामांसाठी ते दार बंद झालं, आणि माझ्या डोक्यातलं निम्मं ज्ञान रद्दीत गेलं. आमचे हे जाऊनही आता बराच काळ झाला. लेस्टरच्या घरात मी एकटी असते. माझी लेक नवऱ्याबरोबर, रॉबबरोबर, बेसिंगस्टोकला असते, आयटीत आहे. ती इथंच जन्मली, तिचं मराठी जसं आहे तसं आहे. दर रविवारी फोन करते आणि फोनच्या शेवटी तेच म्हणते. "आई, तू आमचा घरी ये ना राहायला. वरचा खोली रिकामा आहे. रॉब पण म्हणतो. You won't be a burden, तू नुसता राहणार."

मी दर वेळी काहीतरी कारण सांगते. गुडघा, बाग, वाचनालयातलं काम. कारणं आता संपत आली आहेत. माझ्या आईच्या वतीनं नाही म्हणायला निदान सरकार तरी होतं.